हार्ड डिस्क फॉरमॅट करण्यापूर्वी

(शाळांतील शिक्षक व ग्रामपंचायतींचे कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. त्या दिवशी कोठलाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्या, पंचायतींची कार्यालये उघडली आणि पडद्यावर नेहमीचेच चित्र दिसले. तथापि त्यानंतर उघडकीस येणाऱ्या नव्या दोषांवर उपाय पुरविण्याची कंपनीची सर्वसाधारण जबाबदारी संपली, आणि ज्या यंत्रात गावाच्या नोंदी राहतात ते यंत्र दाराला कडी नसलेल्या घरासारखे किती काळ चालवावे, हा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे उभा राहिला. विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असल्यावाचून नियमाप्रमाणे बसत नाही. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांत हे दोन्ही नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स कुटुंबातील एखादी प्रणाली बसविता येते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ साली लोकांपुढे ठेवलेली ‘बॉस’ ही प्रणाली याच कुटुंबातील आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे लिनक्सवरच शिक्षण चालत आलेले आहे. नवे यंत्र घ्यावे की जुन्यावर नवी प्रणाली बसवावी, हा ज्या त्या कार्यालयाच्या ऐपतीचा आणि गरजेचा प्रश्न आहे. परंतु कोणताही मार्ग पत्करला तरी एक काम टळत नाही. ते म्हणजे हार्ड डिस्क रिकामी करून नव्याने तयार करणे.

बोलीभाषेत या कामाला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. यातील ‘मारणे’ हे क्रियापद नकळत फार अचूक पडले आहे. दुरुस्ती करणारा तरुण दुकानातून येतो, चहा होईपर्यंत यंत्र ‘मारून’ देतो, आणि चार दिवसांनी शाळेच्या लिपिकाच्या ध्यानात येते की मागील दहा वर्षांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांचा तक्ता कोठेच नाही. दोष त्या तरुणाचा असतोच असे नाही. ‘सी ड्राइव्हमध्ये काही नाही ना?’ असे त्याने विचारलेले असते आणि ‘काही नाही’ असे उत्तर त्याला मिळालेले असते. हे उत्तर का चुकते ते पुढे येईलच. तत्पूर्वी या चकतीच्या पोटात काय असते आणि फॉरमॅट म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेणे इष्ट ठरेल.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या रॅमॅक या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या होत्या. त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत, आणि त्या साठवण-यंत्राचे वजन एक टनाहून अधिक भरे. १९८३ साली याच कंपनीच्या एक्सटी या मेजावरील संगणकात १० मेगाबाइटची डिस्क आली. त्या काळी एवढी जागा एका माणसाला जन्मभर पुरेल असे वाटणे स्वाभाविक होते. आज मोबाइलने काढलेली दोन-तीन छायाचित्रे तेवढी जागा व्यापतात. पद्धत मात्र आजही मूळचीच आहे. गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारे-लिहिणारे टोक तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी अंतर ठेवून तरंगत राहते. या अंतराचा विचार केला म्हणजे चालू संगणकाला धक्का का लावू नये, हे निराळे सांगावे लागत नाही.

कोरी तबकडी ही पडीक जमिनीसारखी असते. तिच्यावर प्रथम वर्तुळाकार मार्ग आणि त्या मार्गांचे लहान लहान तुकडे आखावे लागतात. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. पूर्वी एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत, अलीकडील डिस्कवर तो ४०९६ बाइटचा असतो. ही मूळ आखणी एके काळी वापरणाऱ्यालाच करावी लागे आणि तिला तासन्‌तास लागत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून नियंत्रक मंडल डिस्कच्याच अंगावर आले आणि ही आखणी कारखान्यातच कायमची होऊ लागली. तेव्हा ‘लो लेव्हल फॉरमॅट करून देतो’ असे आज कोणी म्हणत असेल, तर तो बहुधा संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिण्याविषयी बोलत असतो. मूळ आखणी बदलणे त्याच्या हातात नसते.

त्यानंतरचे काम पार्टिशनचे, म्हणजे वाटणीचे. एका डिस्कचे दोन-तीन भाग पाडून प्रत्येक भाग स्वतंत्र डिस्क असल्याप्रमाणे वापरता येतो. या वाटणीची नोंद डिस्कच्या आरंभी ठेवतात. जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर म्हणतात, पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये वाटणीसाठी अवघ्या ६४ बाइटची जागा होती. त्यात चारच नोंदी बसत आणि सेक्टर ५१२ बाइटचा असल्यास दोन टेराबाइटच्या पलीकडील जागा या पद्धतीला दिसतच नसे. नव्या जीपीटी पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय असते. शिवाय वाटणीपत्रकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, त्यामुळे पहिली बिघडली तरी दुसरीवरून ती उभी करता येते. सरकारी दप्तरात दुय्यम प्रत ठेवण्याची जी जुनी शिस्त आहे तीच ही. यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या नव्या संगणकांना जीपीटी लागते. जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांना एमबीआर सोयीची पडते. प्रणाली बसविताना मध्येच ‘या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही’ असा जो संदेश पुष्कळदा येतो, त्याचे कारण बहुतेक वेळा या दोन पद्धतींची गल्लत हेच असते. संगणक ज्या पद्धतीने सुरू केला आणि डिस्कची वाटणी ज्या पद्धतीची आहे, त्या दोहोंचा मेळ बसत नाही. डिस्क खराब झाली असा अर्थ त्यातून काढू नये.

वाटणी झाल्यावर प्रत्येक भागात नोंदवही मांडावी लागते. हेच प्रत्यक्ष फॉरमॅट. कोणती फाइल कोणकोणत्या सेक्टरांत पडली आहे, कोणती जागा मोकळी आहे, याची ही नोंदवही होय. तिच्या मांडणीचे प्रकार निरनिराळे आहेत. विंडोजसाठी १९९३पासून चालत आलेली एनटीएफएस, लिनक्ससाठी बहुधा ईएक्सटी ४, आणि पेन ड्राइव्हसाठी फॅट ३२. यांपैकी शेवटच्या प्रकारात चार गिगाबाइटहून मोठी एक फाइल मावत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनाचे लांबलचक चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेताना ‘जागा पुरत नाही’ असा संदेश का येतो, याचे उत्तर पुष्कळ वेळा येथे सापडते.

आता मुख्य मुद्दा. नोंदवही नव्याने मांडली म्हणजे जुनी नोंदवही गेली. जुना मजकूर जागच्या जागीच राहतो. गावच्या नकाशावरील सर्वे नंबर पुसून टाकले म्हणून शेते नाहीशी होत नाहीत, एवढेच की कोणते शेत कोणाचे ते सांगता येत नाही. डॉसच्या काळात फाइल पुसली असता तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. १९९१ साली आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत पुसलेली फाइल परत आणणारी आज्ञा होती, ती वापरणाऱ्यालाच ते हरवलेले पहिले अक्षर विचारीत असे. आजच्या झटपट फॉरमॅटचे तत्त्वही याहून फारसे निराळे नाही, आणि विंडोज बसविताना ‘फॉरमॅट’ या शब्दावर बोट ठेवले असता होतो तो झटपट प्रकारच. पूर्ण फॉरमॅट निराळा. विंडोज एक्सपीपर्यंत त्यातही मजकूर पुसला जात नसे, डिस्क केवळ वाचून तपासली जाई. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सर्व जागेवर शून्ये लिहिली जातात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चुकून फॉरमॅट झाले तर निराश होण्याचे कारण नाही, मात्र त्या क्षणी यंत्र बंद करून बाजूला ठेवले पाहिजे. कारण त्यानंतर लिहिला जाणारा प्रत्येक नवा मजकूर जुन्यावर पडण्याचा संभव असतो. नवी प्रणाली बसवून पाहणे, परत मिळविण्याचे साधन त्याच डिस्कवर उतरविणे, हे प्रकार उरलेलेही घालवितात. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी तितकीच गंभीर आहे. आपल्याला पुसल्यासारखे वाटणारे परक्याला वाचता येते. तिचा विचार शेवटी करणे योग्य होईल.

‘सी ड्राइव्हमध्ये काही नाही’ या उत्तराकडे आता वळता येईल. विंडोजमध्ये पडद्यावर जो डेस्कटॉप दिसतो तो कोठे तरी बाहेर, मेजावर पसरलेला आहे अशी समजूत होते. वास्तविक तो सी ड्राइव्हच्या पोटातील एका कप्प्यात असतो. डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स हेही तेथेच. म्हणजे सी ड्राइव्ह पुसला की लिपिकाने सोयीसाठी डेस्कटॉपवर ठेवलेले सर्व काही पुसले जाते, आणि बहुतेक कार्यालयांत महत्त्वाचे तेवढेच डेस्कटॉपवर ठेवण्याची रीत आहे. याशिवाय हिशेबाच्या प्रणालीचा विदा बहुधा तिच्या स्वतःच्या कप्प्यात असतो. टपालाच्या प्रणालीतील जुनी पत्रे एकाच मोठ्या फाइलमध्ये दडलेली असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द आणि निरनिराळ्या शासकीय संकेतस्थळांचे पत्ते तर कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हाती असते, परंतु ते चालविणारा ड्रायव्हर डिस्कवरच होता हे फॉरमॅटनंतर कळते, आणि मग महिनाअखेरची बिले अडतात. यासाठी फॉरमॅटच्या आठवडाभर आधी त्या संगणकावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीने एक कागद घेऊन आपण रोज काय काय उघडतो ते लिहीत जावे. हा आठवड्याचा कागद कोणत्याही तयार यादीपेक्षा अधिक कामाचा ठरतो, कारण प्रत्येक मेजावरचे काम निराळे असते.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांपुढे आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत काम करणाऱ्यांना तिची कल्पना नसते आणि म्हणून संगणकाच्या सर्वसाधारण पुस्तकांत ती आढळत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टंकलिखित होई, त्यांत अक्षरांना सर्वमान्य क्रमांक नव्हते. सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीबरोबर येणारे सुरेख, योगेश यांसारखे फॉन्ट, श्री-लिपी, कृतिदेव अशी प्रत्येक घराण्याची रचना वेगळी होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवून काम भागविले जाई. त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये मराठी नसतेच. रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. डिस्क पुसली, प्रणाली नवी आली, जपून ठेवलेली फाइल उघडली, आणि सबंध इतिवृत्तात अर्थहीन रोमन अक्षरांची गर्दी दिसली, असा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. फाइल बिघडली असे समजून ती फेकून देणे ही मोठीच चूक होय. मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट हरवलेला असतो.

यावर उपाय सोपा आहे, परंतु तो फॉरमॅटपूर्वीच योजावा लागतो. विंडोजच्या फॉन्ट्स या कप्प्यातील सर्व मराठी फॉन्ट फाइलींबरोबर जपून ठेवावेत. कोणती फाइल कोणत्या फॉन्टात आहे त्याची नोंद करावी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची पीडीएफ प्रतही काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा आतच गुंफला जातो, त्यामुळे ती अन्य यंत्रावरही वाचता येते. तीत दुरुस्ती करणे मात्र अवघड. टिकाऊ उपाय म्हणजे असा मजकूर परिवर्तक साधनाने युनिकोडमध्ये आणणे. या परिवर्तनात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार हमखास घोटाळा करतात. म्हणून माणसांची नावे, घर क्रमांक आणि रकमा मूळ छापील कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय ते पूर्ण झाले असे मानू नये. इतिवृत्तातील एका ठरावाचा अर्थ एका रफाराने बदलू शकतो.

प्रती किती घ्याव्यात, याविषयी अनुभवी माणसांत फारसा मतभेद नाही. दोन, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत. ज्या पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली बसवावयाची त्याच पेन ड्राइव्हवर प्रत ठेवण्याचा मोह घातक आहे, कारण प्रणालीचा तो पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरील सर्व काही पुसले जाते. प्रत घेतली एवढ्याने भागत नाही, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी लागते. कप्प्याचे नाव दिसते म्हणजे आत फाइली आल्या असे नव्हे. नोकरीतील अनेकांना हा सल्ला जास्तीचा वाटेल. ज्यांची प्रत एकदा रिकामी निघाली त्यांना तो वाटत नाही.

काही नव्या लॅपटॉपांवर विदा बिटलॉकरने कुलूपबंद केलेला असतो, आणि तो तसा आहे हे मालकालाही ठाऊक नसते. अशा डिस्कचे कुलूप ४८ अंकी किल्लीने उघडते. बायोसमधील मांडणीत बदल करण्यापूर्वी ती किल्ली कागदावर उतरवून घेतलेली बरी. मांडणी बदलताच यंत्र किल्ली मागते, आणि ती नसेल तर पुढे काहीच करता येत नाही.

डिस्कची प्रकृतीही तपासून पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते, तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ती वाचणारी विनामूल्य साधने मिळतात. निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, वाचता न येणारे सेक्टर प्रतीक्षेत असतील, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती फॉरमॅट करून पुन्हा कामाला जुंपणे म्हणजे फुटक्या बांधावर गवत लावणे होय. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. पुष्कळदा डिस्कचा दोष वाटणारा दोष केबलचा असतो, तेव्हा केबल बदलून पाहणे हे पहिले काम. पावसाळ्यात वीज जाण्याची धास्ती असेल तर यूपीएस नसताना हे काम हाती घेऊच नये. वाटणीपत्रक लिहिले जात असताना वीज गेली तर पत्रक अर्धवट राहते.

प्रत्यक्ष पुसण्याच्या वेळी सर्वांत मोठा धोका चुकीची डिस्क निवडण्याचा. ‘सी’, ‘डी’ ही अक्षरे डिस्कवर कोरलेली नसतात. चालू असलेली प्रणाली ती देत असते. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की हीच अक्षरे बदलून येऊ शकतात. काल ज्याला ‘डी’ म्हणत होते तो आज ‘सी’ म्हणून दिसू शकतो. लिनक्समध्ये ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे दिसतात, आणि त्यांपैकी एक तर प्रणालीचा पेन ड्राइव्हच असतो. यासाठी अक्षरावर विसंबू नये. डिस्कचा आकार आणि बनावटीचे नाव पाहून ओळख पटवावी. आकाराबाबतही एक गोंधळ आहे. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४च्या पटीत मोजते. म्हणून ५०० गिगाबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ४६५ दिसते. ३५ गिगाबाइट कोणी चोरलेले नसतात. याहून निर्धोक मार्ग म्हणजे जी डिस्क पुसावयाची नाही ती यंत्रातून काढूनच ठेवणे. जोडलेली बाह्य डिस्क, दुसऱ्या प्रतीचा पेन ड्राइव्ह, सर्व उपसून टेबलाच्या खणात ठेवावेत. जे जोडलेले नाही ते पुसले जात नाही. डिस्कपार्ट या साधनातील ‘क्लीन’ ही आज्ञा तर ‘खरोखर पुसू का?’ असे एकदाही विचारीत नाही.

वाटणी कशी करावी? एकाच संगणकाच्या कार्यालयात प्रणालीसाठी एक भाग आणि कामाच्या फाइलींसाठी दुसरा भाग ठेवणे शहाणपणाचे. प्रणाली पुढे बिघडली तर तिचाच भाग पुन्हा फॉरमॅट करता येतो आणि फाइली राहतात. लिनक्समध्ये ‘होम’ हा भाग निराळा ठेवतात तो याच हेतूने. खाजन शेतीत एका बाजूचा बांध फुटला तरी पलीकडचे शेत वाचावे म्हणून आतले बांध घालतात, तसेच हे. परंतु दोन्ही शेते एकाच नदीकाठी असतात हे विसरू नये. तबकडीच बिघडली तर दोन्ही भाग एकदमच जातात, आणि दुसरा भाग म्हणजे प्रत नव्हे. यूईएफआय यंत्रावर नवी प्रणाली स्वतःच्या सुरुवातीसाठी फॅट ३२चा एक छोटा भाग करून घेते. तो विनाकारण जागा खातो असे समजून पुसणाऱ्यांचे यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. चकतीऐवजी एसएसडी असेल तर वारंवार पूर्ण फॉरमॅट करण्यात काही लाभ नाही. तिच्या पेशींचे आयुष्य लिहिण्याच्या संख्येवर अवलंबून असते, आणि रोजच्या वापरासाठी तिला झटपट फॉरमॅट पुरतो.

आता पुसूनही न पुसलेल्या मजकुराचा प्रश्न. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालल्या, आणि त्यांतील अवघ्या १२ डिस्क योग्य रीतीने पुसलेल्या आढळल्या. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातील होती. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या परीने फाइली पुसल्या होत्या. पुसणे म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

शाळेच्या डिस्कवर विद्यार्थ्यांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक आणि पालकांचे बँक खाते असते. पंचायतीच्या डिस्कवर घरपट्टीचे खाते आणि दाखल्यांसाठी दिलेली ओळखपत्रे असतात. ही माहिती त्या कार्यालयाच्या मालकीची नाही, ती गावकऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेली आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे, त्यामागील विचार हाच. म्हणून निर्लेखन करून भंगारात द्यावयाच्या किंवा दुसऱ्या शाळेला देणगी म्हणून जाणाऱ्या यंत्राची डिस्क केवळ झटपट फॉरमॅट करून बाहेर पाठविणे हा निष्काळजीपणा होय. तबकडीच्या डिस्कवर सर्व जागेत एकदा शून्ये लिहिली म्हणजे सर्वसाधारण साधनांनी मजकूर परत मिळत नाही. डिस्कपार्टमधील ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा तेच करते, आणि त्यास काही तास लागतात. एसएसडीबाबत ही पद्धत पुरेशी भरवशाची नाही, कारण तिच्यातील काही पेशी प्रणालीच्या नजरेआड राखीव असतात. तेथे त्या डिस्कच्या उत्पादकाने दिलेले संपूर्ण पुसण्याचे साधन वापरावे लागते. डिस्क चालतच नसेल तर ती भोके पाडून निकामी करावी, आणि भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे सोपवावी. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद असते, त्यातील डिस्कची नसते. डिस्कचा अनुक्रमांक आणि ती कोणी, केव्हा, कोणत्या रीतीने पुसली, ही एक ओळ तेथेच लिहून ठेवण्यास अडचण नसावी.

नवी प्रणाली बसल्यावर पहिले काम मराठी कळफलक चालू करण्याचे. इनस्क्रिप्ट हा कळफलक विंडोज व लिनक्स दोहोंत अंगभूत असतो, तो केवळ निवडावा लागतो. त्यानंतर जपून ठेवलेल्या प्रतीवरून फाइली आणाव्यात, प्रत्येक कप्प्यातील एखादी जुनी फाइल उघडून पाहावी, छपाई करून पाहावी. शक्य असेल तेथे जुनी डिस्क लगेच न पुसता यंत्रातून काढून घ्यावी आणि नवी प्रणाली नव्या छोट्या एसएसडीवर बसवावी. ती आता फार महाग राहिलेली नाही आणि जुने यंत्र तिने पुष्कळ वेगवान होते. काढलेली जुनी डिस्क स्थिरविद्युत-रोधक पिशवीत घालून, तीवर तारीख, यंत्राचा क्रमांक आणि ‘पुसलेली नाही’ हे शब्द स्पष्ट लिहून, कुलपाच्या कपाटात ठेवावी. एक वेतन देयक, एक मासिक अहवाल आणि एक ग्रामसभेचे इतिवृत्त नव्या प्रणालीवर पार पडेपर्यंत ती तेथेच राहू द्यावी. त्यानंतर कार्यालयप्रमुखांच्या लेखी परवानगीने ती पुसावी, आणि पिशवीवरील शब्द बदलावेत.